आरओ प्लांटचं पाणी घटलं, तर आधी काय बघायचं?

आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस) प्लांटवर, म्हणजे मेम्ब्रेन या अतिबारीक पडद्यातून दाबाने पाणी गाळून क्षार वेगळे करतात तिथे, नव्याने रुजू झालेल्या माणसाला पहिल्या दोन-तीन महिन्यांत हा प्रसंग गाठतोच. पाणी कमी पडतंय किंवा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये) चढलाय, आणि सगळे त्याच्या तोंडाकडे बघतायत. अशा वेळी हात आपसूक दोन गोष्टींकडे जातो. पंपाचं प्रेशर थोडं वाढवावं, नाहीतर ॲसिडचा वॉश मारून बघावा. कृपा करून यातलं काहीही लगेच करू नका. प्रेशर वाढवलं की मेम्ब्रेनवरचा घाणीचा थर आणखी दाबून घट्ट बसतो. आणि दुखणं काय हे कळण्याआधीच धुतलं, तर दुखण्याच्या खुणाही धुऊन जातात.

मी शिकाऊ असताना एका प्लांटवर पहिल्या स्टेजचा (एकामागून एक लागणाऱ्या मेम्ब्रेनच्या गटांपैकी पहिल्याचा) डीपी, म्हणजे आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या प्रेशरमधला फरक, चढला होता. स्केलिंग (क्षारांचा कडक थर) असणार असं धरून मी थेट ॲसिड फिरवलं. डीपी उतरला तर नाहीच, उलट आठवड्याभरात फ्लो आणखी घसरला. शेवटी व्हेसल, म्हणजे मेम्ब्रेन बसवायचं लांब नळकांडं, उघडलं, तेव्हा एलिमेंटच्या (गुंडाळलेल्या मेम्ब्रेनच्या पानांच्या सुरळीच्या) तोंडावर बोटाला बुळबुळीत लागणारा, कुबट वासाचा थर होता. जिवाणूंचा थर. ॲसिडने तो सुटत नाही, उलट आवळून बसतो. सुरुवात अल्कलीने केली असती तर त्या मेम्ब्रेन वाचण्याची चांगली शक्यता होती. पुढे लिहिलेला क्रम मला त्या दिवशी माहीत असायला हवा होता.

पायरी 1. मीटर खरं बोलतायत का?

प्लांट बिघडला असं म्हणण्याआधी मीटर तपासा. टीडीएस वाढल्याची तक्रार आणि मुळात प्रोबवर बसलेला थर, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता पहिलं काम तेच करतो. हातातला कॅलिब्रेट केलेला कंडक्टिव्हिटी मीटर (पाण्याची विद्युतवाहकता मोजणारा, तिच्यावरून टीडीएस कळतो) घ्या आणि पॅनलवरच्या आकड्याशी ताडून बघा. प्रेशर गेजचा काटा प्लांट बंद असताना शून्यावर येतो का ते बघा. डीपी हा दोन गेजमधला फरक असतो. दोन वेगवेगळ्या गेजनी मोजला तर दोघांची चूक त्यात मिसळते. जमलं तर फीड, दोन स्टेजच्या मध्ये आणि रिजेक्ट अशा तिन्ही ठिकाणी एकच गेज लावून वाचन घ्या.

मग हिशेब जुळवा. फीड (आत जाणारं पाणी) म्हणजे परमिएट (गाळून आलेलं पाणी) अधिक रिजेक्ट (मागे उरलेलं खारट पाणी), इथपर्यंत सगळे करतात. क्षारांचा हिशेब मात्र फार थोडे करतात, आणि मीटरचं खोटं तिथेच पकडलं जातं. समजा फीड तासाला 20 घनमीटर, टीडीएस 1000. परमिएट 15 घनमीटर, टीडीएस 30. मग उरलेल्या 5 घनमीटर रिजेक्टचा टीडीएस 3900 च्या आसपास यायला हवा, कारण क्षार कुठे हवेत उडून जात नाहीत. तुमचा मीटर तिथे 3000 दाखवत असेल तर कुठलातरी फ्लोमीटर किंवा टीडीएस मीटर चुकतोय. तो सापडेपर्यंत पुढच्या पायऱ्यांना अर्थ नाही.

पायरी 2. आकडे एका पातळीवर आणा

याला नॉर्मलायझेशन म्हणतात. नवी मंडळी या शब्दाला बिचकतात, पण त्यामागचा विचार साधा आहे. पाणी कोमट असलं की मेम्ब्रेनमधून सहज जातं, गार असलं की जड जातं. 25 अंशांना तासाला 10 घनमीटर देणारा प्लांट 15 अंशांना, बाकी काहीही न बदलता, जेमतेम 7 घनमीटर देतो. म्हणजे थंडीत पाणी 30 टक्के घटलं तरी मेम्ब्रेन ठणठणीत असू शकते. एका अंशाला साधारण 3 टक्के, असं लक्षात ठेवलं तरी रोजच्या कामाला चालतं.

उलटी गोष्ट जास्त घातक आहे. समजा प्लांट सुरू झाला तेव्हा 25 अंशांना, 10 बार निव्वळ दाबावर 10 घनमीटर मिळत होतं. आज फ्लोमीटर तेच 10 दाखवतोय, सगळे निवांत आहेत. पण आज पाणी 30 अंशांचं आहे आणि मधल्या काळात कुणीतरी प्रेशर वाढवून निव्वळ दाब 11 बार केलाय. 30 अंशांचा गुणक सुमारे 1.16. आता 10 ला 10/11 ने गुणा आणि 1.16 ने भागा. उत्तर येतं 7.8. मेम्ब्रेनची क्षमता बावीस टक्के उतरलीय, आणि मीटर मात्र सगळं आलबेल दाखवतोय. उन्हाळ्याने आणि पंपाने मिळून आजार झाकला. पाणी गार झालं की तो एकदम उघडा पडतो, आणि लोक म्हणतात अचानक झालं.

निव्वळ दाब म्हणजे फीड आणि रिजेक्टच्या प्रेशरची सरासरी, त्यातून परमिएटचं प्रेशर आणि क्षारांमुळे येणारा ऑस्मॉटिक दाब वजा. दर 1000 टीडीएसला साधारण पाऊण बार धरा, आणि फीड-रिजेक्टचा सरासरी टीडीएस घ्या. मेम्ब्रेन बनवणाऱ्या कंपन्या यासाठी तक्ते देतात. ते वापरा, पण एकदा तरी हाताने गणित करून बघा, म्हणजे तक्ता काय सांगतोय ते समजेल.

क्षारांच्या बाबतीत रिजेक्शनऐवजी (अडलेले क्षार) सॉल्ट पॅसेज (निसटलेले क्षार) बघायची सवय लावा. रिजेक्शन 98 वरून 96 टक्क्यांवर आलं, तर ऐकायला दोनच टक्क्यांचा फरक वाटतो. पण निसटणारे क्षार 2 टक्क्यांवरून 4 टक्के झाले, म्हणजे दुप्पट. डोळा तिथे ठेवायचा. आणि कंडक्टिव्हिटीची तुलना नेहमी फीडच्या त्या दिवशीच्या आकड्याशी करायची. कच्चं पाणीच खारट झालं असेल तर परमिएटही थोडं खारट होणारच.

नॉर्मलाइज केलेला फ्लो 10 टक्के घसरला, सॉल्ट पॅसेज आधीच्या तुलनेत 5 ते 10 टक्के वाढला किंवा डीपी 15 टक्के चढला, तर धुण्याची वेळ आली असं समजतात. उशीर केला तर थर पिकतो आणि मग धुऊनही निघत नाही. पण काय धुवायचं, ते अजून ठरायचंय.

पायरी 3. तीन आकडे एकत्र वाचा

इथे थोडं थांबून वाचा, कारण निम्म्याहून जास्त निदान याच पायरीवर होतं. फ्लो, सॉल्ट पॅसेज आणि डीपी यांतला एकच आकडा धरून बसलात तर फसाल. तिघे कुठल्या दिशेने गेले हे एकत्र बघायचं.

डीपी झपाट्याने चढला, फ्लो उतरला, पण सॉल्ट पॅसेज फारसा हलला नाही, तर जिवाणूंचा थर हा पहिला संशयित. तो मेम्ब्रेनच्या पृष्ठभागापेक्षा पानांमधल्या, फीडचं पाणी जातं त्या जाळीत जास्त पसरतो आणि पाण्याची वाट अडवतो, म्हणून डीपी आधी बोलतो. गाळ आणि मातीच्या बारीक कणांचंही चित्र असंच दिसतं, फक्त चढण हळू असते. लोखंडाचा गंज आला असेल तर तो पटकन येतो. पाइपलाइनचं काम झालं, बोअरचा पंप बदलला, लाइन बरेच दिवस बंद राहून सुरू झाली, असं काहीतरी त्याच्या आदल्या आठवड्यात घडलेलं असतं.

फ्लो उतरला, सॉल्ट पॅसेज वाढला, डीपीही चढला आणि हे सगळं शेवटच्या स्टेजमध्ये झालं, तर स्केलिंग. कॅल्शियम कार्बोनेट, सल्फेट, सिलिका यांपैकी काहीतरी.

फ्लो उतरला पण डीपी जागच्या जागी, सॉल्ट पॅसेज तसाच किंवा चक्क सुधारलेला. नव्या माणसाला हे चित्र फार गोंधळात टाकतं, कारण पाण्याची गुणवत्ता चांगली दिसत असते. पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ, तेलाचा अंश किंवा चुकीचा पॉलिमर मेम्ब्रेनवर पातळ लेपासारखा बसला की असं होतं. लेप इतका पातळ असतो की जाळीतली वाट अडत नाही, म्हणून डीपी गप्प राहतो. आधीच्या टप्प्यावर गाळ बसवायला धनभारित पॉलिमर वापरत असाल तर तिथे आधी बघा. मेम्ब्रेनचा पृष्ठभाग ऋणभारित असतो, जास्तीचा पॉलिमर तिला जाऊन चिकटतो. काही अँटीस्केलंटशीही (स्केल बसू न देणाऱ्या केमिकलशी) त्याची रासायनिक गाठ पडते आणि डिंकासारखा पदार्थ तयार होतो.

आणि एक चित्र असं, की जे बघून मन खट्टू होतं. फ्लो वाढला, सॉल्ट पॅसेजही वाढला, डीपी तसाच. कुणीतरी आनंदाने सांगतं की पाणी जास्त यायला लागलं. मेम्ब्रेन ऑक्सिडाइज झालीय. क्लोरीनने मेम्ब्रेनवरचा क्षार अडवणारा पॉलिअमाइडचा थर खाल्लाय, आणि कुठल्याही वॉशने तो परत येत नाही.

फ्लो जवळपास तोच, डीपी तोच, फक्त टीडीएस एका झटक्यात वाढला, तर केमिकलच्या वाटेला जाऊच नका. ओ-रिंग (जोडावरची रबरी कडी), इंटरकनेक्टर (दोन एलिमेंट जोडणारा तुकडा), एंड कॅप (व्हेसलचं झाकण) किंवा फाटलेली मेम्ब्रेन. हे यांत्रिक दुखणं आहे, त्याची पायरी पुढे येतेच.

पायरी 4. दुखणं कुठे आहे?

तक्रार पूर्ण प्लांटची असली तरी बिघाड क्वचितच सगळीकडे सारखा असतो. म्हणून दोन स्टेजच्या मधलं प्रेशर मोजायची सोय नसेल तर ती आजच करून घ्या. पाण्यासोबत बाहेरून आलेली घाण (गाळ, गंज, जिवाणू) आधी पहिल्या स्टेजची पहिली एलिमेंट धरते. प्लांटमध्येच तयार होणारी घाण, म्हणजे स्केल, शेवटी धरते, कारण पाणी तिथे सर्वात घट्ट झालेलं असतं.

किती घट्ट, ते समजून घ्या. 75 टक्के रिकव्हरीला, म्हणजे फीडचा तेवढा भाग परमिएट होतो तेव्हा, रिजेक्टमधले क्षार फीडच्या चौपट होतात, 80 ला पाचपट, 90 ला दहापट. रिजेक्ट वाया जातंय म्हणून कुणी तो व्हॉल्व्ह थोडा आवळतो, रिकव्हरी 75 वरून 80 होते आणि शेवटच्या एलिमेंटवरचा भार एकदम चतकोर भाग वाढतो. फीडमध्ये लिटरला 40 मिलिग्रॅम सिलिका असेल तर चौपट झाल्यावर 160. अँटीस्केलंटशिवाय 25 अंशांना सिलिका साधारण 120 च्या पुढे पाण्यात राहायला तयार नसते. तेव्हा शेवटच्या स्टेजमध्ये दुखणं दिसलं की लॉगशीटमध्ये रिजेक्टचा फ्लो मागे जाऊन बघा. तो कधी आणि कुणाच्या पाळीत कमी झाला ते विचारा, पण रागावून नाही. माणसाने पाणी वाचवायलाच ते केलेलं असतं.

पायरी 5. वरच्या अंगाला चालत जा

मेम्ब्रेनवर दिसतं ते लक्षण. कारण बहुतेक वेळा तिच्या आधीच्या टाक्यांत, फिल्टरांत आणि डोसिंग पंपांत असतं. म्हणून मी मेम्ब्रेनकडून उलटा, कच्च्या पाण्याकडे चालत जातो.

पहिला थांबा कार्ट्रिज फिल्टर. वापरलेलं कार्ट्रिज टाकून देण्याआधी सुरीने उभं चिरा आणि उजेडात धरा. तांबूस असेल तर लोखंड. काळं असेल तर मँगनीज किंवा कार्बन फिल्टरमधून सुटलेली भुकटी. बोटांत चोळून बघा, भुकटी काळा डाग सोडते. बुळबुळीत असेल तर जिवाणू कार्ट्रिजच्या आधीपासूनच मुक्कामाला आहेत. वाळूचे दाणे दिसले तर सँड फिल्टरच्या तळाचा नोझल किंवा लॅटरल (पाणी गोळा करणारा आडवा पाइप) तुटलाय. घाण फक्त बाहेरच्या थरात आहे की आतल्या नळीपर्यंत पोचलीय, तेही बघा. आतपर्यंत असेल तर पुढे मेम्ब्रेनवरही गेलीय. आणि कार्ट्रिजचा डीपी एकाएकी खाली आला तर खूश होऊ नका. कार्ट्रिज पिचकलं असेल किंवा बैठकीतून सुटलं असेल, आणि पाणी बाजूने वळसा घेऊन जात असेल.

सँड फिल्टरचा डीपी वाढत असेल तर बॅकवॉश (पाणी उलटं सोडून धुणं) करा, एवढं सगळ्यांना माहीत असतं. खरा धोका डीपी वाढतच नसेल तेव्हा असतो. वाळूत मातीचे गोळे तयार झाले किंवा भिंतीलगत भेग पडली की पाणी त्याच वाटेने सुसाट जातं. फिल्टर मोकळा वाटतो आणि गढूळपणा मात्र तसाच पुढे जातो. वर्षातून एकदा तरी मॅनहोल उघडून वाळूची पातळी आणि सपाटी डोळ्यांनी बघावी.

कार्बन फिल्टरच्या नंतर मोकळा क्लोरीन मोजा. डीपीडीची (क्लोरीन ओळखायची) गोळी टाकल्यावर पाण्याला गुलाबी छटा आली तर क्लोरीन पुढे चाललाय. मेम्ब्रेनचा पॉलिअमाइडचा थर जेमतेम 0.2 मायक्रॉन जाड असतो, केसाच्या जाडीच्या काही सहस्रांश. 1960 च्या सुमारास लोएब आणि सौरीराजन यांनी बनवलेल्या सेल्युलोज ॲसिटेटच्या मेम्ब्रेन थोडा क्लोरीन पचवायच्या. आजच्या पॉलिअमाइडला तो सहन होत नाही. फीडमध्ये 0.1 पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) वर जाऊ नये अशी शिफारस असते, आणि पाण्यात लोखंड किंवा मँगनीज असेल तर क्लोरीनचा मारा आणखी वेगाने होतो. एसएमबीएस (क्लोरीन संपवणारं सोडियम मेटाबायसल्फाइट) डोस करत असाल तर हिशेबाने 1 भाग क्लोरीनला 1.34 भाग लागतात, प्रत्यक्षात सुमारे 3 धरतात. पातळ केलेलं द्रावण टाकीत हवा लागून काही दिवसांत निकामी होतं. टाकी भरलेली दिसते, पंप टकटक करतो आणि क्लोरीन मात्र सरळ मेम्ब्रेनवर जातो. कार्बन फिल्टरची दुसरी बाजूही लक्षात असू द्या. तिथे क्लोरीन संपतो, म्हणून त्याच्या पुढे जिवाणूंना मोकळं रान मिळतं.

अँटीस्केलंटचा डोस पंपाच्या स्ट्रोकवरून ठरवू नका, टाकीवरून ठरवा. फीड तासाला 20 घनमीटर आणि डोस 3 पीपीएम असेल तर 24 तासांत 1.44 किलो अँटीस्केलंट जायलाच हवं. टाकीवर खडूने रेघ मारा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा बघा. निम्मंच गेलं असेल तर पंपात हवा अडकलीय किंवा सक्शनचा व्हॉल्व्ह चोंदलाय. मला भेटलेली बरीचशी स्केलिंगची प्रकरणं या एका खडूच्या रेघेवर सुटली आहेत.

शेवटी एसडीआय, म्हणजे पाण्यातला बारीक गाळ फिल्टर किती लवकर चोंदवतो याचा आकडा. 0.45 मायक्रॉनच्या फिल्टर पेपरमधून 2.1 बार दाबाने पाणी सोडायचं. पहिलं 500 मिलिलिटर जमायला किती सेकंद लागले ते लिहायचं, पाणी चालूच ठेवायचं, 15 मिनिटांनी पुन्हा 500 मिलिलिटरची वेळ घ्यायची. समजा आधी 30 सेकंद लागले, नंतर 75. 30 भागिले 75 म्हणजे 0.4, 1 मधून वजा केलं की 0.6, त्याला 100 ने गुणून 15 ने भागलं की 4. आरओला 5 च्या खाली हवं, 3 च्या खाली असेल तर उत्तम. 5 म्हणजे वेळ चौपट झाली, हे लक्षात घेतलं की 4 आणि 5 मधलं अंतर किती मोठं आहे ते कळतं. आकड्याइतकाच तो पेपरही महत्त्वाचा. वाळवून, तारीख घालून लॉगशीटला चिकटवून ठेवा. वर्षभराचे पेपर शेजारी शेजारी लावले की कच्चं पाणी कधी बदललं ते रंगावरून दिसतं.

पायरी 6. टीडीएस वाढलाय, पण कुठून?

आधी प्रत्येक व्हेसलचं परमिएट वेगळं तपासा. सॅम्पलिंगचे नळ असतात ते याचसाठी. सगळी व्हेसल्स सारखी चढली असतील तर केमिकल कारण शोधा. एकच उठून दिसत असेल तर त्याच्या आत जायचं.

आत जायचं म्हणजे उघडायचं नाही. परमिएटच्या नळीतून बारीक प्लास्टिकची ट्यूब सरकवायची, प्लांट चालू ठेवायचा आणि ट्यूबमधून येणाऱ्या पाण्याची कंडक्टिव्हिटी मोजत जायची. एलिमेंटची लांबी 40 इंच, म्हणजे 1016 मिलिमीटर. ट्यूबवर दर अर्ध्या एलिमेंटला खूण करा, म्हणजे प्रत्येक एलिमेंटचा मध्यही मिळेल आणि जोडही. ट्यूब हलवल्यावर मिनिटभर थांबा, मागचं पाणी निघून जाऊ द्या आणि मगच आकडा लिहा.

निरोगी व्हेसलमध्ये फीडकडून रिजेक्टकडे आकडा हळूहळू चढतो. समजा 18, 20, 22, 25 असं चाललंय आणि तिसऱ्या-चौथ्या एलिमेंटच्या जोडावर एकदम 60, आणि पुढे तो पुन्हा हळूहळू पातळ होत जातो. जोडावरची ओ-रिंग गेली. उडी जोडावर न येता एका एलिमेंटच्या पूर्ण लांबीत आकडा चढत असेल तर त्या एलिमेंटचीच मेम्ब्रेन फाटलीय. सुरुवातीची दोन-तीन एलिमेंटच बाकीच्यांपेक्षा वाईट असतील तर क्लोरीनचा संशय घ्या, कारण तो आधी त्यांना गाठतो.

परमिएटच्या बाजूचा व्हॉल्व्ह चुकून बंद राहिला आणि प्लांट थांबल्यावर परमिएटचं प्रेशर फीडपेक्षा वर गेलं, तरी मेम्ब्रेनच्या पानांची चिकट कड सुटते. 0.3 बारचा उलटा दाबही पुरतो. अशा वेळी मागच्या आठवड्यात प्लांट कधी आणि कसा बंद झाला ते ऑपरेटरला विचारा.

पायरी 7. व्हेसल उघडणं

पंप बंद, प्रेशर शून्य, गेजवर खात्री, मगच एंड कॅपला हात. एलिमेंट नेहमी फीडकडून रिजेक्टच्या दिशेने ढकलून काढा, आणि प्रत्येकावर व्हेसलचा आणि जागेचा क्रमांक मार्करने लिहा. हा क्रमांक हरवला की अर्धी माहिती हरवली.

पहिल्या स्टेजचं पहिलं आणि शेवटच्या स्टेजचं शेवटचं, ही दोन एलिमेंट आधी बाजूला काढा. वजन करा. स्केल बसलेलं शेवटचं एलिमेंट त्याच जातीच्या, निथळलेल्या नव्या एलिमेंटपेक्षा जड भरतं. तोंड बघा. टॉर्च पाडून जाळीच्या फटींत काय अडकलंय, पानं दुर्बिणीच्या नळकांड्यासारखी पुढे सरकलीत का ते बघा. तसं झालं असेल तर डीपी फार काळ जास्त राहिलाय किंवा पंप सुरू होताना पाण्याचा धक्का बसलाय. एका 8 इंची एलिमेंटवर 1 बारच्या आणि एका व्हेसलवर साधारण साडेतीन बारच्या पुढे डीपी जाऊ द्यायचा नसतो. ब्राइन सीलची (एलिमेंट आणि व्हेसलमधली फट बंद करणाऱ्या रबरी कडीची) उघडी बाजू फीडकडे आहे ना तेही बघून घ्या. उलटी बसली की पाणी एलिमेंटच्या आतून न जाता बाजूने निघून जातं.

निदान तरीही अडलं तर एक एलिमेंट बळी द्यायचं. बाहेरचं फायबरचं कवच कापा आणि पानं उलगडून सपाट पसरा. मी आधी वास घेतो. कुबट, डबक्यासारखा वास आणि बोटाखाली निसटणारा थर म्हणजे जिवाणू. कोरडा, खरखरीत, काचपेपरसारखा हाताला लागणारा थर म्हणजे स्केल. त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाका आणि जवळून बघा, गॉगल घालून. बुडबुडे उठून फसफसलं तर कार्बोनेट, आणि हे त्यातल्या त्यात सुदैव, कारण ॲसिडने ते निघेल. थेंब गप्प पडून राहिला तर सल्फेट किंवा सिलिका. थेंब पिवळसर होऊन तांबडा थर विरघळला तर लोखंड. मेम्ब्रेनवर मेथिलीन ब्लूचं पातळ द्रावण ओतून पाण्याने धुवा. धड मेम्ब्रेनवरचा रंग बव्हंशी धुऊन जातो, आणि पृष्ठभाग खराब झाला असेल तिथे निळा डाग पकडून राहतो. क्लोरीनच आहे याची पक्की खात्री हवी असेल तर प्रयोगशाळेत फुजिवारा चाचणी करून घ्या.

तुमच्याकडे आरओच्या आधी यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन, पोकळ तंतूंच्या मेम्ब्रेनचा फिल्टर) असेल, तर तिथे बघायचा आकडा म्हणजे मेम्ब्रेनच्या दोन बाजूंमधला दाब. बॅकवॉशनंतर तो किती खाली येतो ते बघा. दर बॅकवॉशनंतरचा तळ वर वर सरकत असेल तर केमिकल बॅकवॉश अपुरा पडतोय. तंतू तुटल्याचा संशय असेल तर मॉड्यूल पाण्याने ओलं करून एका बाजूने हवेचा दाब द्या, हवा बंद करा आणि काटा किती वेगाने उतरतो ते बघा. बुडबुडे जिथून निघतात तो तंतू पिनने बंद करता येतो.

पायरी 8. धुतानाही बघत राहा

आता केमिकल. जिवाणू आणि सेंद्रिय थर असेल तर आधी अल्कली, मग ॲसिड. कार्बोनेटची खात्री असेल तरच ॲसिड आधी. सल्फेटला अल्कलीत ईडीटीए (कॅल्शियमसारखे धातू धरून ठेवणारं केमिकल) लागतं, आणि पिकलेली सिलिका बहुधा कशानेच पूर्ण निघत नाही. पीएच आणि तापमानाची मर्यादा मेम्ब्रेनच्या माहितीपत्रकातूनच घ्या, ऐकीव आकडे वापरू नका. ॲसिड पाण्यात घाला, पाणी ॲसिडमध्ये नाही. हायपोक्लोराइट आणि ॲसिड एकमेकांच्या जवळही येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

दोन्ही स्टेज वेगवेगळ्या धुवा, नाहीतर पहिलीची घाण दुसरीत जाऊन बसते. 8 इंची व्हेसलला तासाला 6 ते 9 घनमीटर प्रवाह द्या आणि दाब इतका कमी ठेवा की परमिएट जवळपास निघणारच नाही. सुरुवातीला परत येणारं गडद पाणी टाकीत घेऊ नका, गटारात सोडा. त्याआधी एक पारदर्शक बाटली मात्र भरून ठेवा. ॲसिड फिरत असताना दर दहा मिनिटांनी पीएच बघा. तो वर सरकतोय म्हणजे ॲसिड खर्च होतंय, स्केल विरघळतंय. अर्ध्या अंकाने वाढला की पुन्हा ॲसिड घालून खाली आणा. हलायचा थांबला की काम संपलं. सुरुवातीपासूनच हलला नाही, तर तुमचं स्केलिंगचं निदान पुन्हा तपासा.

धुऊन प्लांट सुरू केल्यावर टीडीएस आधीपेक्षा जास्त दिसला तर घाबरू नका, विशेषतः अल्कलीने धुतल्यावर. काही तासांपासून काही दिवसांत तो खाली येऊन स्थिरावतो. पहिल्या दिवसाचे आकडे लिहून ठेवा पण त्यावरून काही ठरवू नका. आकडा दोन दिवस सलग एका जागी राहिला की तोच नॉर्मलाइज करून लॉगशीटच्या वरच्या कोपऱ्यात तारखेसह मोठ्या अक्षरात लिहा, आणि धुतानाची ती बाटली लेबल लावून शेजारी ठेवा. पुढच्या वेळी तुमच्या जागी दुसरं कुणी उभं असेल, तर त्याला पहिल्या पायरीपासून सगळं शोधत बसावं लागणार नाही.